पापलेट, बांगडा आणि गळकी टाकी

कुसुमताईंच्या खालच्या दाढेत माझी फाइल होती, तेव्हा सुलभा दारात येऊन म्हणाली, "मॅडम, वेटिंग रूममध्ये पाणी आलंय."

फाइल म्हणजे दाताच्या मुळात घालून आतली घाण खरवडायची बारीक, लवचीक सुई. ती आत असताना डॉक्टरने मान वळवायची नसते. मी न वळता विचारलं, "किती?"

"पेशंट पाय वर घेऊन बसलेत."

ईरा, निमिष, तुम्ही टोरांटोला जाताना तुमची टाकी माझ्या क्लिनिकमध्ये ठेवून गेलात. "आजी, पापलेट आणि बांगड्याला सांभाळशील ना?" असं विचारलंत आणि मी "प्रॉमिस" म्हणाले. त्यामुळे त्या शनिवारी माझ्यासमोर पेशंट एक होती आणि डोक्यात दोन मासे. तरी मी मुळं धुतली, औषध ठेवलं, तात्पुरतं फिलिंग केलं आणि मगच ग्लोव्ह्ज काढले. चाळीस वर्षांची शिस्त आहे. एका टाकीसाठी मोडणार नाही.

टाकीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब पडत होते. खाली रांगेत काढून ठेवलेल्या चपला भिजल्या होत्या. सुलभा माझ्याकडे बावीस वर्षं असिस्टंट आहे. तिने बादली लावून ठेवली होती. "मॅडम, खुर्चीचं सक्शन लावू का? लवकर पाणी निघेल."

"पेशंटच्या तोंडात घालायची नळी टाकीत?"

"विचारलं आपलं."

बागेच्या पाइपने अर्धी टाकी रिकामी केली. थेंब मंदावले. मग मला ती कल्पना सुचली, जी फक्त दातांच्या डॉक्टरला सुचू शकते. दाताचं माप घ्यायला आमच्याकडे पुट्टी असते. दोन रंगांचे गोळे सारखे घ्यायचे, मळायचे, तोंडात दाबून धरायचे. चार-पाच मिनिटांत रबरासारखं घट्ट होतं. ते सिलिकॉनच. टाकीचे सांधेही सिलिकॉनचेच. मग अडचण काय?

मी पुट्टी मळली आणि बाहेरून कोपऱ्यावर दाबली. थेंब थांबले. वेटिंग रूममधल्या दोन पेशंटनी कौतुकाने माना हलवल्या. मी त्यांच्याकडे बघून अगदी विनयाने हसलेसुद्धा.

कुसुमताई तिथेच बसल्या होत्या. त्यांची बंदरावर मासळीची पाटी असते. अर्धा जबडा बधिर होता, म्हणून मी त्यांना तासभर काही खाऊ नका म्हटलं होतं. बोलू नका म्हणायचं राहून गेलं.

"डॉक्टरीणबाय, ह्यांची नावां काय?"

"हा पापलेट, तो बांगडा."

त्यांनी काचेला नाक लावलं. "ह्यो पापलेट? पापलेट ताटलीवानी चपटा असतो. ह्यो तर मोदकावानी फुगलाय. आनि ह्यो बांगडा बघून खरा बांगडा जाळ्यात याचा नाय."

"नातवंडांनी ठेवली नावं."

"पोरां लांब हायत ना? मग असू द्या."

तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. माझी पुट्टी जमिनीवर पडली होती आणि थेंब पुन्हा सुरू झाले होते. मी ती उचलून पाहिली. कोपऱ्याचं माप इतकं सुबक आलं होतं की त्यावरून टाकीला कवळी बसवता आली असती. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. माप घ्यायची पुट्टी ही सुटून यावी म्हणूनच बनवलेली असते! ती चिकटून राहिली असती तर माझे निम्मे पेशंट आजही तोंडात मापाचा ट्रे घेऊन फिरत असते. शिवाय ओल्या जागी कुठलंच फिलिंग टिकत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते.

सुलभाने बादली पुन्हा कोपऱ्याखाली सरकवली.

"पानी सगळा जाताय," कुसुमताई उठल्या. "मी खोका आनतंय."

अर्ध्या तासाने त्या रिक्षातून थर्मोकोलचा मोठा खोका घेऊन आल्या. मासळी बर्फात घालून मुंबईला पाठवतात ना, तसला. "नवा हाय. अजून ह्याला बर्फ पन लागला नाय." टाकीतलंच जुनं पाणी त्यात ओतलं, हवेचा पंप जोडला आणि तुमचे पापलेट-बांगडा मासळीच्या खोक्यात पोहू लागले. "आजवर असल्या खोक्यात जिता मासा घातला नवता," म्हणत कुसुमताई वाकड्या तोंडाने मनापासून हसल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कॅमेरा बिघडलाय म्हणाले. तो बिघडला नव्हता. मासळीच्या खोक्यातले तुमचे मासे तुम्हाला दाखवायची माझी हिंमत नव्हती. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर तुम्हाला काय सांगायचं, याचं वाक्यही मी मनात तयार करून ठेवलं होतं. ते चांगलं नव्हतं.

सोमवारी इक्बालभाई आले. काचेचं काम करतात, टाक्याही बनवतात. त्यांनी टाकी कोरडी केली, खालच्या कडेला बाहेरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या, आत चार बोटं पाणी घातलं आणि शांतपणे चहा प्यायले. चहा संपेपर्यंत पट्टी भिजली. पुढची डावी नव्हे. मागची उजवी.

"पाणी मागून सुटतंय. फ्रेमच्या आतून वाहत पुढं येतंय. तुम्ही जिथं लावलंत तिथं काय भोक नव्हतंच, मॅडम."

मला खाली बघावं लागलं. दुखणं वरच्या दाढेत आणि पेशंट बोट ठेवतो खालच्या दाढेवर, हे आमच्याकडे रोजचं. म्हणून तर आम्ही एक्स-रे काढतो. टाकीच्या बाबतीत मी पेशंटचं ऐकून मोकळी झाले होते.

"मग तिथलं सिलिकॉन नवं भरा," मी म्हटलं. "चारच वर्षं झालीत टाकीला."

त्यांनी बॅटरी मारून दाखवलं. तळाच्या काचेला केसाएवढी चीर होती. "मॅडम, मी हलता दात घेऊन तुमच्याकडं आलो, म्हटलं चिकटवून द्या, तर द्याल?"

"नाही."

"मग?"

"टाकीच काढावी लागेल," मी म्हणाले. सुलभा घाईघाईने रजिस्टर शोधायला आत गेली. रजिस्टर टेबलावरच होतं.

आता नवी टाकी. पुढून गोलाई असलेली, झाकणात दिवा बसवलेली तयार टाकी दुकानात होती. तुम्ही तीच पसंत केली असतीत. सुलभालाही तीच आवडली. इक्बालभाई म्हणाले, "दिसते झकास. पण गोल काचेतून मासा कधी मोठा दिसतो, कधी वाकडा. आणि उद्या ती फुटली तर तशी काच मला इथं मिळायची नाय."

"मग जुन्यासारखीच करा. उंच."

"उंच कशाला? पाणी जितकं खोल तितकं तळाच्या सांध्यावर जोर. आणि माशाला हवा मिळते वरनं. पसरट टाकी घ्या."

मुद्दा पटला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच, आठ मिलिमीटरची काच. मी प्रिस्क्रिप्शन पॅडवर आकृती काढून दिली. खाली सही करणार होते, सुलभाने थांबवलं.

"आणि ठेवणार कशावर?" त्यांनी विचारलं.

"स्टँड आहे की."

त्यांनी स्टँडच्या पुढच्या डाव्या पायावर बूट आपटला. गंजाचा पापुद्रा सुटून पडला. समुद्राची हवा रंगाच्या आतून तो पाय खात होती. तो खचला, टाकी तिरकी झाली, काचेला पीळ बसला आणि ती तडकली. नवी टाकी त्याच स्टँडवर ठेवली असती तर मी पुढच्या वर्षी पुन्हा हेच लिहीत बसले असते. हिरडी बघितल्याशिवाय कवळी बसवण्यातला प्रकार.

म्हणून भिंतीलगत चिऱ्याचा बुटका कट्टा बांधून घेतला, वर कडाप्पा, त्यावर थर्मोकोलची शीट. गवंड्याने लेव्हल लावली. तो गेल्यावर मी पुन्हा लावली.

एक गाढवपणा मात्र होता होता राहिला. फिल्टरचा स्पंज काळा, बुळबुळीत झाला होता. मी तो ऑटोक्लेव्हच्या ट्रेमध्ये ठेवला. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा प्रेशर कुकरच, वाफेने हत्यारं निर्जंतुक करतो. इक्बालभाई टाकी घेऊन आले ते थेट ट्रेकडेच धावले.

"मॅडम, त्यात जंतू असतात!"

"म्हणूनच तर ठेवलाय."

"ते पाणी साफ ठेवतात. ते मेले तर मासे मरतील!"

आयुष्यभर मी जंतूंशी भांडले. त्या दिवशी त्यांना जुन्या पाण्यात हळूच बुचकळून जपून परत ठेवलं.

नवी टाकी एक दिवस व्हरांड्यात नुसती पाण्याने भरून ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरून. पेपर कोरडा राहिला. दहाव्या दिवशी मासे आत सोडले. पापलेट लगेच हिंडायला लागला. बांगडा सरळ तळाला गेला आणि कोपऱ्यात पडून राहिला. कल्ले तेवढे हलत होते. मी दर पेशंटनंतर बाहेर येऊन बघत होते. एका गृहस्थांना तर मी 'आ करा' म्हणून सांगून निघून गेले आणि परत येईपर्यंत ते बिचारे आ करूनच बसले होते. ते तयार केलेलं वाक्य मी दोनदा मनात म्हणून पाहिलं.

पाच वाजता सुलभाने खाणं टाकलं. बांगडा वर आला, पापलेटला बाजूला ढकललं आणि त्याच्या वाटचंही खाल्लं. मी आत जाऊन पुढच्या पेशंटशी जरा जास्तच गोड बोलले.

त्या रविवारी तुम्हाला टाकी दाखवली. निमिष म्हणाला, "आजी, टाकी बुटकी झाली का गं?" मी म्हणाले, "अँगल वेगळा आहे." तेही खोटं होतं. खरं काय ते आता तुम्हाला कळलं. बाकी शिकण्यासारखं एवढंच, की काही गळायला लागलं तर थेंबाला बोट लावण्याआधी ते कशावर उभं आहे ते बघा. आणि काचवाल्याला बोलवा, डेंटिस्टला नको.