पत्र्यावरची भज्जी

आमच्या परसातल्या पत्र्याला हिरवे डाग आहेत. ते रंगाचे नाहीत, भज्जीचे आहेत, आणि दोष सर्वस्वी माझा आहे.

ओला पाला खूप तापलेल्या, प्रचंड दाबाखालच्या पाण्यात घातला की त्याचा जळाऊ वायू होतो, असं मी वाचलं होतं. (दाब हवेच्या दोनशेपट लागतो, हेही वाचलं होतं. मी विज्ञानाचा मास्तर! संताप येतो स्वतःचा.) वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात पांडव पुजून जेवायच्या सणाच्या सकाळी मी कुकरात वाटाण्याची टरफलं, मेथीची देठं आणि पाणी भरलं आणि तो परसातल्या चुलीपाशी ठेवला. शेजारीच बायकोचा, सुनंदाचा, तसाच कुकर होता. त्यात शेतात न्यायची भज्जी, म्हणजे पालेभाज्या, वाटाणे आणि बेसन एकत्र शिजवलेली सणाची भाजी. आईनं यंदा पहिल्यांदाच ती तिच्या हाती सोपवली होती.

माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, घाईत एक कुकर मोटरसायकलला बांधला आणि आईला घेऊन शेत गाठलं. उरलेला मी चुलीवर चढवला. शिट्टीवर वीट ठेवली. दाब हवा ना!

"सुनंदा, बाहेर ये! वायूला लसणाचा वास येतोय!"

"अहो, पाल्याला कुठला आला लसूण?"

तेवढ्यात धडाम! वीट अंगणात, भज्जी पत्र्यावर.

सुनंदानं वर पाहिलं. "ही माझी भज्जी हाय." मग आवाज चढला. "मग अण्णांनी काय नेलं?"

तिला मागं बसवून मी माझी गाडी शेताकडं पिटाळली. 

कडब्याच्या कोपीत, त्या छोट्या खोपटात, अण्णानं पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांपुढं नैवेद्य ठेवलाही होता. आईनं पळीतलं टरफल उचलून मला दाखवलं.

"पांडवांनी वनवास काढला, पण असलं न्हाय खाल्लं कुणी! माझ्या सुनेच्या पहिल्या भज्जीचं वाटोळं केलंस!"

"आई, प्रयोग होता..."

"गप! मास्तर हाय म्हणं!"

शेवटी शेजारच्या शेतातून भज्जी मागून आणली. सुनंदा मान खाली घालून सगळ्यांना वाढत होती. मी बांधावरच उभा.

अण्णा ओरडला, "आज वाटसरूलाबी उपाशी धाडत न्हाईत. वाढा त्याला!"

सुनंदानं वाढलं. माझ्याच कुकरातलं.

मी मुकाट्यानं खाल्लं. प्रयोगाचं निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदवावं, असं मी पोरांना शिकवतो. मीठ कमी होतं. पण सुनंदाला हे सांगायची माझी अजून छाती झालेली नाही!