धम्मदीपचा कोपर

उपासना रामटेके टेक्सासमधल्या प्लेनो शहरात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं काम करते. पेशंटबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, याचं ट्रेनिंग ती दरवर्षी घेते आणि दरवर्षी पैकीच्या पैकी मार्क मिळवते. पोटचा मुलगाही पेशंट असू शकतो, हे त्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

धम्मदीप बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. नागपूरच्या नातेवाइकांना त्याचा बाप धर्मराज समजावून सांगायचा, "फेकी बोलिंग असते ना, तीच. फक्त इथं लीगल आहे." नाव धर्मराज असूनही या माणसाने जन्मात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नव्हतं. धम्मदीप त्या वर्षी वसंतात मोठ्या लीगच्या मुख्य टीममध्ये पोचला. कॉमेंटेटरना पूर्ण नाव पेलेना, म्हणून ते नुसतं 'दीप' म्हणू लागले. घरी तो आधीपासूनच दीपू होता.

शेजारच्या फ्रिस्कोतल्या एका हॉलमध्ये दर रविवारी वंदना होते. त्रिसरण-पंचशील झालं की ज्याला काही दुःख असेल त्याने ते सांगायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून त्याच्यासाठी मैत्री भावना करायची, म्हणजे मनोमन त्याचं भलं चिंतायचं, अशी तिथली पद्धत. गाव सोडून गेलेले लोक स्क्रीनवरून येतात. नोकरीचं टेन्शन, सासूची शुगर, व्हिसा, असं सगळं तिथं निघतं. मे महिन्यात उपासना उभी राहिली.

"आमच्या दीपूचा कोपर दुखतोय. बुधवारी मॅच आहे. टीमला त्याने सांगितलेलं नाही. मला म्हणाला, आई, दोन इनिंगच्या पुढं हात चालणार नाही. त्याच्यासाठी मैत्री करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. व्हर्जिनियातल्या हर्नडनहून स्क्रीनवर आलेल्या प्रताप खोब्रागडेनेही मिटले. त्याने ते जरा लवकर उघडले, हे मागाहून कळलं.

बुधवारी नऊपैकी दुसऱ्याच इनिंगमध्ये हात गेला आणि धम्मदीपला बाहेर काढलं. टेक्सासमध्ये फोनवरून पैज लावता येत नाही, व्हर्जिनियात येते. हा नवा पिचर तिसऱ्या इनिंगच्या आत बाहेर जाईल, अशी पैज प्रतापने लावली होती. ऑफिसातल्या दोघांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाकुणाला. एका नवख्या मुलाच्या वाईट नशिबावर हर्नडनच्या एकाच भागातून इतका विश्वास कसा, हा प्रश्न पैज घेणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला पडला. त्याने तो लीगला विचारला. लीगने धम्मदीपला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. आठवडाभरात तो 'कोपर विकणारा' म्हणून देशभर ओळखला जाऊ लागला. त्याच्या फेकीबद्दल इतकं कधी कुणी लिहिलं नव्हतं.

बातमीत हर्नडन वाचलं आणि उपासनाने प्रतापचा नंबर काढला. तिने फोन लावला.

"प्रतापभाऊ, तुम्ही पैज लावली होती?"

"वहिनी, गंमत म्हणून. इथं सगळेच लावतात."

"मग तसं सांगून टाका लीगला. वंदनेत ऐकलं, एवढंच. पोरगा सुटेल."

"वहिनी, माझा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. बायको इथं रडतेय. थोडं समजून घ्या ना यार."

"त्याचं सगळं आयुष्य जातंय, भाऊ."

"मी रोज मैत्री करतोय त्याच्यासाठी."

"तीही पैजेवर का?" स्पीकरजवळ बसलेल्या धर्मराजने विचारलं. फोन कट झाला.

रविवारी तिने हॉलमध्ये पदर पसरला. तुम्ही ऐकलंत, तुमच्यातलं कुणी तरी सांगा. लोक कळवळले. "ताई, आलोच असतो," रवीकाका म्हणाले, "पण एकाला बोलावलं की सगळ्यांना बोलावतील. अर्धे जण व्हिसावर आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात.

"मग मीच सांगते," ती घरी येऊन म्हणाली.

"आई, नो," धम्मदीप म्हणाला. "मग ते विचारतील, हू एल्स? आणि ऑनलाइन लोक तुला शिव्या देतील."

"लॅबमध्ये सुई टोचली की लोक तोंडावर देतात."

"प्लीज, आई. मी हँडल करतो."

चौकशी घरूनच होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वकील. उपासनाला बाहेर जायला सांगितलं होतं. ती जिन्यात बसून राहिली. स्क्रीनवरच्या लीगच्या माणसाने अगदी नम्रपणे विचारलं, "कोपर दुखतोय हे कुणाला माहीत होतं?"

"नो वन."

"घरी कुणाला?"

"नो वन, सर."

लहानपणी खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आवाज चिरकायचा. आजचा आवाज स्वच्छ होता. तिला तेच सहन झालं नाही. ती खाली आली, खुर्ची ओढून मुलाशेजारी बसली आणि पेशंटला सूचना देतात तशा सावकाश इंग्रजीत बोलली. मी याची आई. याने मला सांगितलं. मी वंदनेत सगळ्यांना सांगितलं. पैज प्रताप खोब्रागडेने लावली. याला काही माहीत नव्हतं.

मुलगा सुटला, असं तिला वाटलं. मग तिने वकिलाकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

निकालात जुगाराचा आरोप एका ओळीत मागे घेतला होता. पुढची दोन पानं चौकशीत खोटं बोलल्याबद्दल आणि दुखापत लपवल्याबद्दल होती. दोन सीझन बंदी. टीमने त्याच दिवशी करार संपवला. पेपरांनी मथळ्यात जुगारच ठेवला. 'आईला सांगितलं', याचा मथळा होत नाही. प्रतापवर लीगचा काहीच अधिकार नव्हता. ग्रीन कार्डही त्याला वेळेवर मिळालं.

आता धम्मदीप दिवसा गोदामात काम करतो आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये जाळी बांधून चेंडू फेकतो. बंदी संपेल तेव्हा हात तयार हवा, म्हणतो. परवा उपासना बर्फाची पिशवी घेऊन गेली.

"दुखतंय का?"

"नाही, आई."

"थोडंसं?"

"ऑल गुड." त्याने पुढचा चेंडू उचलला. फेकताना त्याचा चेहरा दिसावा म्हणून ती जाळीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, तेव्हा त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.