वेणूअक्कांचे हात

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी वेणूअक्का पाण्याने भरलेला तांब्या एकदा उजव्या हाताने खांद्यापर्यंत उचलत, मग डाव्या हाताने. दोन्ही वेळा तो नीट वर गेला की समाधानाने ‘हूं’ म्हणत आणि कामाला लागत. चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन मी चाळीसगावात त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मला तो व्यायाम वाटला. पुढे त्यांनीच सांगितलं. रात्रीतून अर्धांगवायू झाला तर नाही ना, हे त्या रोज तपासून बघत.

त्यांच्या दोन्ही हातांत, बोटांपासून कोपरापर्यंत, मुंग्या येत. कधी आग होई, कधी हातातली वाटी सुटून पडे. दोन वर्षं हे चाललं होतं. चाळीसगावचे दोन डॉक्टर झाले, भडगावचे वैद्य झाले, जळगावला जाऊन रक्त आणि मानेचा फोटो झाला. सगळीकडे एकच उत्तर, काही दोष नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. अक्का मात्र प्रत्येक चांगल्या रिपोर्टने आणखी खचत. म्हणत, “रोग सापडत नही म्हंजे खोल शे, बाई.”

याच हातांनी केलेल्या पुरणाच्या मांड्यांसाठी त्या साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि उपड्या खापरावर अलगद टाकायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण ऐन वेळी हात लुळा पडला आणि आपण चुलीत कोसळलो तर, या भीतीने त्यांनी खापर माळ्यावर टाकून दिलं होतं. मंगलाच्या, म्हणजे एकुलत्या एका लेकीच्या लग्नात मांडे करायला बाहेरच्या बायका बोलवाव्या लागल्या. ते त्यांच्या मनाला फार लागलं. आता मंगलाची लग्नानंतरची पहिली आखाजी जवळ येत होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि आईच्या हातचे मांडे खातात. पिंपळनेरहून मंगलाचं कार्ड आलं. बाकी सगळी खुशाली आणि शेवटी एक ओळ, “माय, तू करशील ना?” अक्का ते कार्ड चार दिवस पदराला बांधून फिरत होत्या.

मी शाळेत शिकवत होते आणि मला वाटे, मला सगळं कळतं. एके दिवशी म्हणून बसले, “अक्का, तुम्हाला काही झालेलं नाही. सगळे मनाचे खेळ आहेत.”  पुढचे आठ दिवस त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

नवव्या दिवशी मीच गेले, चुकले म्हणाले आणि त्यांना पॅसेंजरने धुळ्याला एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अक्कांचं सगळं बोलणं न तोडता ऐकलं, एकेक बोट दाबून पाहिलं, जुने कागद वाचले. मग म्हणाले, “मुंग्या खऱ्या आहेत, बाई. हा अर्धांगवायू मात्र नाही. त्या का येतात ते मला सांगता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी माझ्याकडे यायचं, त्रास असो वा नसो. मधे नवा डॉक्टर शोधायचा नाही आणि घरातलं काम सोडायचं नाही.” मला वाटलं, ‘सांगता येत नाही’ ऐकून अक्का हाय खातील. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “माहीत नही तर माहीत नही म्हनस. बरा मानूस शे.” आणि खिडकीला डोकं टेकवून चाळीसगावपर्यंत गाढ झोपल्या.

त्यानंतर अक्का दहा-बारा वर्षं जगल्या. मुंग्या काही गेल्या नाहीत. मधे एकदा धीर सुटून त्या गुपचूप जळगावला तपासण्या करून आल्या आणि पुढच्या मंगळवारी डॉक्टरांपुढे त्यांनी चोरासारखं ते कबूल केलं. शेवटी गेल्या त्या साध्या तापाने. अर्धांगवायू त्यांच्याकडे कधी फिरकलाच नाही. पण मला आठवतात त्या मंगलाच्या पहिल्या आखाजीच्या सकाळच्या अक्का.

चूल पेटली होती, पुरण वाटून तयार होतं, माळ्यावरचं खापर खाली आलं होतं. मंगला ओसरीवर आबांशी, तिच्या वडिलांशी, बोलत होती. अक्कांनी कणकेला हात लावला आणि मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक.

“बाई, हातस्मा मुंग्या भरन्यात. माले जमाव नही.”

‘काही होत नाही’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि विचारलं, “डॉक्टरांचा मंगळवार कधी आहे?”

त्यांनी बोटांवर मोजलं. “आठ दिन शेतस.”

“मग तोवर काय करायचं?”

अक्कांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग जरा रागानेच म्हणाल्या, “आठ दिन काय मांडीवर हात ठेईसन बसू?”

त्या उठल्या. मी अगदी शेजारी उभी राहिले, पडल्याच तर धरता यावं म्हणून. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा वाकडा झाला.  तिसरा मात्र पसरत पसरत कोपरापर्यंत आला, आणि इतका पातळ की त्यातून त्यांच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. तो खापरावर पडला तेव्हा माझेच डोळे भरून आले. धूर होता हे निमित्त बरं.

मंगला पाटावर बसली. आमरसाची वाटी, वर तूप. पहिला घास घ्यायच्या आधी तिने आईकडे पाहिलं. “माय, हात कसा शेतस?”

“मुंग्या शेतस,” अक्का म्हणाल्या. “तू मांडा कसा झाया ते सांग.”

मंगलाने घासामागून घास घेत मांडा संपवला. भरल्या तोंडानेच तिने रिकामं ताट पुढे केलं आणि अक्का आणखी एक मांडा करायला उठल्या.