काहिलीतलं लुगडं

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावच्या बाजूला ऊस उभाच राहिला नाही. गूळ आटवायची मोठी काहील रिकामी पडली होती, ती आम्ही दवाखान्यासाठी मागून आणली. आडांनी तळ गाठलेला, दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं मिळेल ते पाणी पीत होती. देशोदेशी हिंडणारा कॉलरा आमच्याकडे न येता तरच नवल! म्हातारीकोतारी त्याला पटकीच म्हणत.

मी तिथली नर्स. साथ यायच्या आधीच आम्ही शाळेच्या दोन खोल्या ताब्यात घेतल्या. बाजांची सुतळी मधोमध कापून भोकं पाडली, खाली जुलाबासाठी बादल्या ठेवल्या. उंबऱ्यावर ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाकलं. आत नातेवाईक नाही, आणि रोग्याचा कपडा काहिलीत उकळल्याशिवाय कुणाच्या हाती नाही, हा माझा नियम. लोक मला खाष्ट म्हणत. म्हणोत बापडे! गोड बोलून पटकी जात नसते.

एके सकाळी बैलगाडीतून एका तरुण बाईला आणलं. डोळे खोल गेलेले, बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. नवरा घोडेगावच्या बाजाराला गेलेला, घरी चारा नव्हता म्हणून बैलांची दुसरी जोडी विकायला. सोबत सासू, आणि तिच्या कडेवर अंगावर पिणारं पोर. बाईला सलाईन लावलं. सासूला मी बाहेर कडुनिंबाखाली बसवलं.

पोर रडायचं थांबेना. आमच्याकडे आई शेतात गेली की झोळीत तिचं नेसतं लुगडं घालतात, त्या वासानं लेकरू निजतं. सासूनं तेच मागितलं.

"बाई, तिचं लुगडं द्या की. पोराला आईचा वास लागंल, निजंल तरी."

"त्यात पटकी आहे, आजी."

"आवो, वाईच पदराचं टोक द्या."

"टोकसुद्धा नाही!"

पण पोर रडतच होतं. मी ते लुगडं उकळलं, उन्हात वाळवलं आणि दिलं. पोरानं त्यात नाक खुपसलं, क्षणभर गप्प झालं, आणि मग असं भोकाड पसरलं की मला ऐकवेना.

"बाई," म्हातारी म्हणाली, "तुमी तर ह्यातनं तिलाच काढून टाकली."

मला राग आला. मी पाय आपटत आत गेले.

दुपारी मला आठवलं, गाडीत बाईच्या अंगाखाली दुसरं एक लुगडं अंथरलेलं होतं, जुलाबानं भरलेलं. गाडीत पाहिलं तर नुसत्या फळ्या. मी म्हातारीला विचारलं.

"दुसरं कुठलं? येकच तर नेसून आली ती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"म्हातारे, लेकराच्या जिवाशी खेळू नकोस!" मी चक्क ओरडले. तिनं पोराला घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं. आतून हाक आली, मला जावं लागलं.

बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. नाडी लागेना. दिवस कलला तेव्हा बाई गेली. अशी तरणीताठी माणसं हातातून जातात तेव्हा आपलं शिकणं फुकट वाटतं. बाहेर येऊन मी म्हातारीला सांगितलं. ती रडली नाही. पोराला गाडीवाल्याच्या हाती दिलं, झाडामागे गेली आणि दगडाखालून एक बोचकं काढून आणलं. तेच लुगडं.

"आजून पोराला लावलं न्हाई, बाई. तुमची नजर चुकली की लावणार हुते."

काहिलीपाशी जाऊन तिनं ते स्वतःच्या हातानं पाण्यात सोडलं. मग न सांगता ब्लिचिंगच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले. मी काठी घेऊन उभी होते. जाळ मंदावला होता. सरपण शेजारीच पडलं होतं, पण माझ्यानं हात पुढं करवेना.

"चांगलं उकळू द्या," ती म्हणाली. "पोर तरी ऱ्हायला पायजे."

आणि वाकून तिनंच एक लाकूड आत सारलं.