गाडीखाली झालेला बघण्याचा कार्यक्रम

लोक मुलगी बघायला जातात. माझ्या बाबतीत मुलीचे वडील मला बघायला आले, तेही गॅरेजमध्ये, आणि मी गाडीखाली उताणा. नव्वद सालानंतरची गोष्ट. जुन्नरला माझं नवंच गॅरेज होतं, आणि गॅरेजपेक्षा माझा राग जास्त प्रसिद्ध होता. आदल्या दिवशी आत्यानं बजावलं होतं, "येडगावची माणसं हायेत. तुझ्या रागाचं त्यांच्या कानावर गेलंय. तोंड सांभाळ." मुलगी मला पसंत होती. आत्याकडं दोनदा पाहिली होती, आणि दुसऱ्यांदा हसली होती राव!

मुलीचे वडील आपली जुनी फियाट घेऊन आले. मागच्या चाकांचे धक्के पेलायला लोखंडी पाटे असतात, त्यातला एक मोडला होता. पाटा काढायचा तर आधी त्याच्या टोकातली बोटभर जाडीची, आटे असलेली पिन काढावी लागते. ते स्टूल ओढून शेजारी बसले. "चालू द्या पावणं, आमी बसतो."

पिन हलेना. रॉकेल सोडलं, चहा झाला, परत रॉकेल सोडलं. सैल करायच्या आधी थोडी आवळून बघितली, कधी कधी त्यानं गंज मोडतो. आटे खराब व्हायला नकोत म्हणून टोकावर जुना नट चढवला आणि हातोडा घातला. पिन ढिम्म. गॅसनं तापवावी, तर पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर. दुपार झाली. डोळ्यांत गंज, कानात रॉकेल, आणि सासरे होतील की नाही याचा पत्ता नसलेला माणूस डोक्याशी बसलेला.

"गाडी कुठं धुता?" मी खालूनच विचारलं.

"धरणाच्या पाण्यात. दर रविवारी चाकं बुडेस्तोवर आत घेतो. लई चकाचक निघती," ते अभिमानानं म्हणाले.

झालं! माझं डोकं सटकलं. बाहेर आलो, हातोडा फळीवर त्याच्या जागी ठेवला आणि मग तोंड सोडलं. "अहो, गाडी आहे का म्हैस? वरून चकाचक आणि खाली सगळी वाट लावलीत!" अख्खी आळी ऐकत होती. बोलून झाल्यावर भानावर आलो. गेलं स्थळ. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आता करणार काय? स्थळ गेलं तरी पाटा मोडलेलाच होता. परत खाली शिरलो. रॉकेल सोड, जरा आवळ, जरा ढिली कर. चारच्या सुमारास पिन कर्र करून केसभर फिरली. "आली, आली!" मी ओरडलोच. ते पांढऱ्या पायजम्यासकट गुडघ्यांवर बसून खाली डोकावले.

निघालेली पिन हातात घेऊन म्हणाले, "राग लई हाय तुमाला. आईकलं व्हतं, आज बघितला."

मी चिंधीनं हात पुसायला लागलो.

"पण वरडायच्या आदी हातोडा खाली ठिवला तुमी. मी तेवढंच बघाया आलो व्हतो. पोरगी द्यायची हाय मला."

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. राग काही गेला नाही, खोटं कशाला बोलू? अजूनही घरात माझा आवाज चढायला लागला की बायको स्वयंपाकघरातून विचारते, "हातातलं ठेवलं का खाली? हां, आता बोला."