अमेरिकेतल्या दोन पार्ट्या आणि बाळापूरचा मामा

टपालानं आलं: अमेरिकेतल्या राजकीय पक्षांवरचं एक पुस्तक, नव्वद रुपये, टपालखर्च अठरा, वेगळा. लेकीच्या बी.ए.चं, पण मॅट्रिक झालेल्या मीच ते आधी वाचलं, आणि त्यातूनच भावाकडं निघायचं ठरलं.

वैशाखात लेकीचं लग्न. अंतरपाट धरला की नवरीच्या मागं मामा उभा लागतो. मामा म्हणजे माझा भाऊ, आखाडा बाळापूरचा. जिल्ह्याच्या एका सहकारी संस्थेच्या निवडणुकीत तो आणि आमचे हे समोरासमोर उभे राहिले. हे पडले. तीन वर्षं अबोला.

साखऱ्याहून सकाळची एसटी धरली. बाहेर धुक्यात हरभरा, मांडीवर पुस्तक. तिकडचा पहिला राष्ट्राध्यक्ष पार्ट्यांना भीत होता, पण त्याच्याच कारभाऱ्यांत तट पडले. मधलं सरकार बळकट पाहिजे म्हणणारे फेडरलिस्ट; राज्यं आणि शेतकरी मोठे म्हणणारे दुसरे. स्वातंत्र्यासाठी एकत्र झटलेले दोन मित्र दोन तटांचे पुढारी झाले, निवडणुकीत समोरासमोर उभे राहिले, आणि बोलेनासे झाले. पुढं फेडरलिस्ट विरले, व्हिग नावाचा पक्ष आला, तोही गेला, गुलामगिरीच्या भांडणातून नवा पक्ष निघाला.

शेजारच्या बाईनं पुस्तकातल्या चित्रात डोकावलं. "लेकराचं पुस्तक का वो?"

"न्हाई, अमेरिकेतल्या पार्ट्यांचं. एकीची निशाणी हत्ती, एकीची गाढव."

"अन् गाढवाला मतं देतेत?"

"देतेत की!"

"मंग आपल्यासारखंच हाय म्हणायचं!"

हिंगोलीहून औंढ्याला वळले. सोमवार टाळा, गर्दी फार. नागनाथाच्या तळघरात वाकूनच उतरावं लागतं. समईच्या उजेडात वाटलं, पुस्तकातले ते दोन मित्रही म्हातारपणी असेच कुठंतरी वाकले असतील. मुक्काम धर्मशाळेत, भाकरी घरची.

दुसऱ्या दिवशी परत हिंगोली, कळमनुरीवरून बाळापूर. भावानं चहा दिला, लग्नाचं नाव काढलं नाही. मी पुस्तकातल्या त्या दोन मित्रांची गोष्ट सांगितली.

"मंग पार्ट्या मोडल्या का अक्का?"

"न्हाई. पार्ट्या राहिल्या. हे दोघं मात्र मरेपर्यंत पत्रं लिहीत राहिले."

"पहिलं कोणी लिहिलं?"

"जो पडला होता त्यानं."

भाऊ हसला. "मंग दाजीला सांग."

घरी आले तेव्हा पाठ दुखत होती, आणि डोळ्यांपुढं तळघरातला तो उजेड अजून हलत होता. जेवण झाल्यावर यांच्यापुढं पोस्टकार्ड ठेवलं.

"मीच काहून?"

"तुमीच पडले होते म्हणून."

यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं: "पाव्हणे, मत तुमाला तेव्हाही दिलं न्हाई, आताही देणार न्हाई. पण लेकीच्या मागं उभं राहायला तुमीच पाहिजे. उलट टपाली कळवा."