दारातून वाचता येणारा तक्ता

मंदाबाई कुठलाही कागद टेबलावर ठेवून तपासत नसत. विद्यार्थ्याने टाइप केलेलं स्टेटमेंट, म्हणजे खाने पाडलेला आकड्यांचा तक्ता, त्या टाचणीने भिंतीला लावायच्या, पायात चपला सरकवून दारापर्यंत जायच्या आणि उंबऱ्यावर उभं राहून मोठ्याने वाचायच्या. वाचता वाचता एखाद्या ओळीवर त्या थबकल्या की त्या विद्यार्थ्याचा चेहरा पडायचा. ‘इथं डोळा ठेचकाळला,’ एवढंच म्हणायच्या आणि कागद परत. शहापूरच्या एसटी स्टँडमागे, पहिल्या मजल्यावर, बाईंचा टायपिंगचा क्लास होता. तालुक्यातल्या कितीतरी कचेऱ्यांमधले कारकून आजही आपला तक्ता चार पावलं मागे सरून बघत असतील, अशी माझी खात्री आहे.

मी धसईची. मुरबाडला कंप्युटरचा कोर्स केला आणि नोकरी शोधत होते, तेव्हा बाईंनी नुकतेच चार कंप्युटर आणि इंटरनेट घेतलं होतं. ते शिकवायला त्यांनी मला ठेवलं. टाइपरायटरांची खडखड ओसरू लागली होती, पण बाईंना त्याचं फारसं दुःख नव्हतं. ‘यंत्र बदललं गो, कागद तोच हाय,’ म्हणायच्या. त्या किन्हवलीच्या. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, आणि टायपिंगच्या एका सर्टिफिकेटावर बाईंनी सगळं घर उभं केलं. त्यामुळे नीट आखलेल्या कागदावर त्यांची जी श्रद्धा होती, ती मी कुणाची देवावरही पाहिलेली नाही.

आता अशी बाई राक्षसांच्या नादी कशी लागली, ते सांगते. क्लास सुटला की मुलं तासाचे पैसे भरून इंटरनेटवर एक खेळ खेळायची. खेळात राक्षस मारायचे. राक्षस मेला की त्याच्याजवळून काहीतरी पडायचं, कधी नुसतं हाड, कधी ढाल, फार नशीब असेल तर एखादं मौल्यवान पीस. कुणाकडून काय पडतं आणि किती वेळा पडतं, याचे तक्ते खेळाडूंनीच मिळून चालवलेल्या एका विकीवर, म्हणजे कुणालाही लिहिता येणाऱ्या वेबसाइटवर, असत. एकदा दोघांची त्यावरून जुंपली. एक म्हणे, गुहेतल्या राक्षसाकडून पीस पडतं. दुसरा म्हणे, पडत नाही. दोघांनीही पुरावा म्हणून एकच पान उघडलं, आणि त्या पानावर दोन्ही लिहिलेलं होतं. बाई उठून आल्या. भांडणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या तक्त्याकडे बघत राहिल्या. राखाडी, लाल, हिरव्या चौकटी, त्यात तिरकी अक्षरं, आणि आकडे वाटेल तिथे.

‘ही काय लग्नाची पत्रिका हाय? कोनी केली?’

मी सांगितलं की बाई, ही कुणालाही करता येते.

‘मंग तशीच दिसतेय,’ म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्यांचा पहिला तक्ता मी विसरणार नाही. टाइपरायटरवर खाने पाडताना मोजून जागा सोडायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. तशाच त्यांनी स्पेसबार दाबत दाबत सगळ्या ओळी एकाखाली एक बसवल्या. दुपारभर तेच चाललं होतं. पडद्यावर तो तक्ता असा देखणा दिसत होता की मला मधे बोलवेना. मग त्यांनी पान जतन केलं, आणि विकीने सगळ्या मोकळ्या जागा गिळून हाड, ढाल, पीस आणि आकडे यांची एकच लांबलचक माळ करून टाकली. मुलं हसू दाबत भिंतीकडे बघू लागली. बाई माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, ‘शिकीव.’ तासाभरात, कुठल्या खान्याला कुठे उभी रेघ द्यायची, हे त्या मलाच विचारून मलाच दुरुस्त करू लागल्या.

स्वतः त्यांनी एकही राक्षस मारला नाही. एकदा थोडा वेळ बघितलं आणि ‘बिचारा आपल्या घरात तर उभा हाय’ असं म्हणून उठल्या. पण तक्त्याची त्यांची अक्कल अशी, की त्या कामापुढे मला माझा कोर्स आठवेना, आणि त्याची लाज न वाटता मजाच वाटली. रंग पुसले. नेहमी पडणारी वस्तू वर, दुर्मिळ खाली. आकडे उजवीकडे एका रेषेत. एका ओळीत एकच वस्तू. बाजारभावाचा खाना मुलांना फार लाडका होता, तो तर त्यांनी उपटूनच टाकला. ‘जे रोज बदलतं ते तक्त्यात घालायचं नाय. तक्ता खोटा पडतो, न मानूस आपल्यावर इस्वास ठेवत नाय.’ लांबलांबचे खेळाडू त्यांच्या तक्त्यांची तारीफ लिहू लागले. मी मराठी करून सांगायचे, बाई चष्मा पुसत ऐकायच्या.

आणि त्या आजारी पडल्या. ताप हटेना. नेमकं त्याच आठवड्यात खेळ बनवणाऱ्यांनी आकडे बदलले. एकच पीस कितीतरी राक्षसांच्या पानांवर लिहिलेलं, आणि बाईंच्या तक्त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मी एकटी पुरी पडले नाही, सगळीकडे जुने आकडे तसेच राहिले. विकीवर एक परदेशी संपादक होता. बाई त्याला ‘सुपरवायझर’ म्हणायच्या, टायपिंगच्या परीक्षेला येतो तसा. त्याने सभ्य भाषेत लिहिलं की तक्ते सुंदर आहेत, पण एका माणसावर अवलंबून आहेत. पुढच्या बदलाच्या वेळीही ते असेच मागे पडले, तर ते सगळ्या पानांवरून काढून टाकावे लागतील.

मला त्याचा राग आला. बाईंना नाही आला. ‘बराबर बोलला तो,’ म्हणाल्या. ‘मी तक्ता नाय केला, देव्हारा केला. लोकं लांबनंच हात जोडतात.’

मी विकीची मदतीची पानं धुंडाळली. तिथे सोय होती की एखाद्या वस्तूची माहिती एकाच जागी ठेवायची आणि बाकीच्या पानांनी ती तिथून उचलायची. मूळ जागी बदल केला की सगळीकडे आपोआप बदल होतो. हे मी कागदावर चौकोन काढून, बाण मारून समजावू लागले. बाईंनी मला अर्ध्यातच थांबवलं. ‘एवढं काय चितारतेस? स्टेन्सिल हाय ती.’ सायक्लोस्टाइलच्या काळात, एका मेणकागदावरून शेकडो प्रती काढायच्या तेव्हा, त्यांनी अशा कितीतरी स्टेन्सिल कापल्या होत्या. चूक स्टेन्सिलवर लाल औषधाने पुसायची, मग निघेल ती प्रत बिनचूक. पुढचे कित्येक दिवस लोडशेडिंग सांभाळत आम्ही दोघी तेच करत होतो. वर एक सोपी ओळ लिहिली, की इथे फक्त आकडा बदला. क्लासला नवीनच आलेल्या, खेळ कधी न पाहिलेल्या मुलीला बाईंनी समोर बसवलं आणि एक आकडा बदलायला लावला. तिने तो न विचारता बदलला, तेव्हा कुठे बाईंचं समाधान झालं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. बाईंची आठवण निघाली की मला त्या पुढच्या बदलाचा दिवस आठवतो. खेळवाल्यांनी नवे आकडे जाहीर केले. स्वप्निल नावाचा आमचा एक विद्यार्थी बाईंचा मोठा भक्त. तो धावत आला आणि कीबोर्डकडे झेपावला. बाईंनी त्याचा हात धरला.

‘कुनी हात लावायचा नाय. मी पन नाय.’

मी म्हटलं, बाई, आजच नाही बदललं तर तो सुपरवायझर सगळे तक्ते काढील.

‘काढू दे. आपल्याबिगर चालत नसंल, तर ठेवून काय करायचंय?’

त्यांनी चहा मागवला आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. मी पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. आकडा जुनाच. चहा संपला. खाली किन्हवलीची गाडी लागली, स्वप्निलला जायचं होतं, तो गेला नाही. बाईंचा चेहरा तसाच शांत होता, पण अंगठा बोटांवरून फिरत होता, आणि त्यांच्या जिवाला किती लागलं आहे ते मला तेव्हा कळलं. मी परत पान उघडलं. आकडा बदललेला होता. कुणीतरी एक, ज्याचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं, येऊन स्टेन्सिलवरचा एक आकडा बदलून निघून गेला होता. मी घाईघाईने दुसरी पानं उघडली. सगळीकडे नवा आकडा.

बाईंनी मला अक्षर मोठं करायला सांगितलं, पायात चपला सरकवल्या आणि दारापर्यंत गेल्या. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी तो तक्ता मोठ्याने वाचला, हाडापासून पिसापर्यंत, कुठेही न थबकता.

‘झालं,’ म्हणाल्या. ‘आता हा माझा राह्यला नाय.’ आणि एवढ्या आनंदात मी बाईंना कधीच पाहिलं नव्हतं.